शिक्षकाच्या पदवीचा जमाखर्च

विद्येचा जमाखर्च मांडणें आपल्याकडे फारसें सभ्यपणाचें समजत नाहींत. विद्या ही तागडींत घालून घेण्याची वस्तु नव्हे, ही शिकवण लहानपणापासून मनांत मुरलेली असल्यामुळें तिची किंमत रुपये-आण्यांत विचारणारा मनुष्य आपल्यास थोडासा ग्राम्य वाटतो. त्यांतून ती विद्या दुसऱ्यास शिकविण्याची असली, म्हणजे हिशेबाचें नांव काढणें पापच. परंतु मुलीला डी. एड्.ला घालावयाचें कीं तिचें लग्न उरकावयाचें, मुलाला बी. एड्.ला पाठवावयाचें कीं इचलकरंजीच्या मागावर धाडावयाचें, हें ज्या बापास परीक्षेचा निकाल लागल्यापासून महिन्याभरांत ठरवावें लागतें, त्याला हा सभ्यपणा परवडण्यासारखा नसतो. तो हिशेब करतोच; फक्त तो घरांत, चुलीपुढें बसून, कागदावांचून करतो. तोच हिशेब येथें कागदावर मांडून पाहावा, आणि गेल्या पावणेदोनशें वर्षांत त्यांतील खर्चाची बाजू कोणाकोणाच्या नांवीं पडत आली हें तपासावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हिशेबासाठीं हातकणंगले तालुका घेतला आहे. करवीर संस्थानांत हा मुलूख पूर्वीं आळतें पेटा म्हणून ओळखला जाई; १८९१ सालीं मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी गेली ती ह्याच वाटेनें. एका अंगास वारणा, दुसऱ्या अंगास पंचगंगा, मध्यें उंसाची काळी जमीन. इचलकरंजीस यंत्रमाग, हुपरीस चांदीचे कारागीर, शिरोलीस कारखाने. तेव्हां शिकून मास्तर होणें हा येथील तरुणापुढचा एकुलता एक मार्ग कधींच नव्हता. माणदेशांतल्या कोरडवाहू गांवचा मुलगा शिक्षक झाला, तर त्यानें त्यासाठीं काय सोडलें हें सांगणें कठीण. येथला मुलगा शिक्षक होतो तेव्हां त्यानें मागावरची, भट्टीवरची किंवा शेतावरची मजुरी सोडलेली असते, आणि ती मोजतां येते. शिवाय ह्याच तालुक्यांत कुंभोज आहे. त्याचें कारण पुढें येईल.

शिक्षक तयार करावा लागतो, तो आपोआप उगवत नाहीं, हा विचार आपल्याकडे सरकारी कागदांत ठामपणें आला तो १८५४ सालच्या वुडसाहेबांच्या खलित्यांत. इंग्लंडांत १८४६ पासून होतकरू मुलांस शिकाऊ शिक्षक म्हणून नेमावयाचें, त्यांस विद्यावेतन द्यावयाचें, पुढें नॉर्मल स्कुलांत घालावयाचें, आणि प्रमाणपत्र मिळालें म्हणजे पगार वाढवावयाचा, अशी पद्धत पडली होती. तीच येथें चालू करावी, असा त्या खलित्याचा रोंख होता. ह्यामागें कांहीं मोठी उदारबुद्धि होती असें मला वाटत नाहीं. हुशार मुलगा कारकुनीकडे जाणार. त्याला शाळेकडे वळवावयाचें तर शिकण्याच्या काळांत त्याच्या पोटाची सोय करणें भाग होतें, एवढाच तो व्यवहार. पण त्याचा परिणाम लक्षांत घेण्यासारखा झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत जाणारा उमेदवार फी भरण्यासाठीं सावकाराकडे जात नसे. त्याला दरमहा कांहीं रक्कम मिळे, आणि बाहेर पडला कीं शाळा त्याची वाट पाहत असे. खर्चाच्या रकान्यांत लिहावयास त्याच्याजवळ फारसें कांहीं नव्हतें.

जमेच्या रकान्यांतही नव्हतें, हें मात्र कबूल केलें पाहिजे. १८८२ सालीं हंटरसाहेबांच्या कमिशनापुढें जोतीराव फुले यांनीं जें निवेदन केलें, त्यांतला प्राथमिक शिक्षकांविषयींचा भाग आजही मुद्दाम वाचण्यासारखा आहे. शिक्षक शिकून तयार झालेलेच असावेत. त्यांचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, आणि चांगल्या मोठ्या गांवीं तो पंधरा किंवा वीस रुपयांपर्यंत जावा. गांवचे हिशेब तपासणें, दस्तऐवजांची नोंद, टपाल, मुद्रांकविक्री अशीं कामें शिक्षकाकडे सोंपवावींत, म्हणजे त्याची प्राप्ति वाढेल व गांवांत त्याचें वजनही वाढेल, अशी त्यांची योजना होती. बारा रुपये ही किमान रक्कम म्हणून मागावी लागते, यावरून प्रत्यक्ष काय मिळत असेल तें उघड आहे.

पण त्याच निवेदनांत दुसरी एक मागणी आहे, आणि ती पहिलीपासून सोडवून वाचण्याची चूक पुष्कळांनीं केली आहे. त्या वेळचे प्राथमिक शिक्षक बहुतेक सारे ब्राह्मण होते. फुल्यांचें म्हणणें असें कीं, शेतकरी वर्गांतून शिक्षक निघतील तर ते लोकांत मिसळतील, प्रसंगीं नांगराला हात लावावयास लाजणार नाहींत, आणि त्यांची शाळा गांवाला आपली वाटेल. पगाराची मागणी आणि ही मागणी वस्तुतः एकच. ज्याच्या घरीं दुसरी वृत्ति आहे, पूर्वजांचें इनाम आहे, किंवा भिक्षुकीची जोड आहे, त्याला पांच-सात रुपयांची मास्तरकी चालून जाते. ज्याचा मुलगा शाळेंत गेला कीं औतामागचा एक गडी कमी होतो, त्याला ती चालत नाहीं. शिक्षकाच्या शिक्षणाचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो, ह्यावर शिक्षक कोणत्या घरांतून येणार हें ठरतें, ही गोष्ट फुल्यांनीं ओळखली होती. आणि ह्या लेखाचा सारा आधार त्या एका निरीक्षणावर आहे.

त्याच सुमारास पुण्यांत ह्याच्या अगदीं उलट प्रकारचा एक प्रयोग चालला होता. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, पुढच्या वर्षीं फर्ग्युसन कॉलेज उघडलें, आणि आजीव सभासदांनीं महिना पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षें काम करण्याची शपथ वाहिली. त्या त्यागाविषयीं आदर बाळगूनही इतकें म्हणावेंसें वाटतें कीं, पंचाहत्तर रुपयांचा त्याग करतां येण्यासाठीं मनुष्याजवळ आधीं तीन-चारशें रुपयांची सरकारी नोकरी मिळण्याजोगी पदवी असावी लागते. खेड्यांतल्या बारा रुपयांच्या मास्तराला त्याग करण्याची सोयच नव्हती. तो नुसता गरीब होता. आपल्या वाङ्मयांत मात्र पहिल्याचीं चरित्रें झालीं, आणि दुसरा गोष्टींतला विनोदी पंतोजी होऊन राहिला.

करवीरांत शाहू महाराजांनीं ह्या प्रश्नाला दुसऱ्या बाजूनें हात घातला. मुलींच्या शाळांची तपासणी व शिक्षिकांचें ट्रेनिंग स्कूल हें काम गेल्याच्या मागल्या शतकाच्या अखेरीस त्यांनीं रखमाबाई केळवकर यांच्या हातीं दिलें. संस्थानाच्या खर्चानें शिकून संस्थानाच्याच शाळांत लागणाऱ्या स्त्रिया त्यांतून निघाल्या. पुढें १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचा कायदा महाराजांनीं केला. सक्ति म्हटली कीं शाळा पाहिजे, आणि शाळा म्हटली कीं मास्तर पाहिजे. मुलाला शाळेंत न पाठविणाऱ्या बापास दंड करतां येतो. पण शाळेंत मास्तर नसेल तर दंड कोणास करावयाचा? खेड्यापाड्यांतून एकाएकीं इतके शिक्षक आणावयाचे कोठून, हा पेंच त्या कायद्यानें केवळ करवीरापुढें नव्हे, साऱ्या मराठी मुलखापुढें मांडून ठेवला. मराठी सातवीची, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलची, परीक्षा उतरलेला मुलगा धरून त्याला खुर्चींत बसविणें हाच पुष्कळ वर्षें उपाय होता. ट्रेनिंग मागाहून, आणि तेंही सर्वांस नव्हे.

येथें कुंभोज येतें. २२ सप्टेंबर १८८७ रोजीं ह्या गांवीं, आपल्या आजोळीं, भाऊराव पाटील जन्मले. कोल्हापुरास त्यांचें इंग्रजी शिक्षण झालें, पण मॅट्रिकची परीक्षा कांहीं त्यांना उतरतां आली नाहीं. साताऱ्यास शिकवण्या करून त्यांनीं ‘पाटील मास्तर’ हें नांव मिळविलें, पुढें किर्लोस्करांच्या कारखान्याचे नांगर विकत गांवोगांव हिंडले, आणि १९१९ सालीं कऱ्हाड तालुक्यांतील काले येथें रयत शिक्षण संस्था काढली. शिक्षकाची कोणतीही पदवी नसलेल्या ह्या मनुष्यानें मराठी खेड्यांना जेवढे शिक्षक मिळवून दिले, तेवढे पदव्यांनीं मढलेल्या फार थोड्यांनीं दिले असतील. १९२४ सालीं साताऱ्यास त्यांचें वसतिगृह उघडलें. त्यांत निरनिराळ्या जातींचीं मुलें एका पंक्तीला जेवत. तेथला खर्च भागेना तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे दागिने गेले, हें सर्वश्रुत आहे.

ह्या सर्वांत मला महत्त्वाचें वर्ष वाटतें तें १९३५. त्या वर्षीं जून महिन्यांत साताऱ्यास ‘सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज’ सुरू झालें. नांव पंचम जॉर्ज बादशहांच्या रौप्यमहोत्सवाचें, काम मात्र फुल्यांच्या १८८२ च्या मागणीचें; पुढें त्याचें नांवही महात्मा फुले अध्यापक विद्यालय असें झालें, तें अगदीं योग्य झालें. खेड्यांत शाळा काढावयाच्या, त्यांत खेड्यांतलेच शिक्षक घालावयाचे, आणि ते शिक्षक खेड्यांत राहावयास तयार असे घडवावयाचे, ही त्यामागची दृष्टि. पुढील कांहीं वर्षांत संस्थेच्या शेंकडों व्हॉलंटरी शाळा सातारा जिल्ह्यांतील वाड्यावस्त्यांवर उभ्या राहिल्या, त्या अशा शिक्षकांच्या बळावर.

हिशेबाच्या दृष्टीनें भाऊरावांची युक्ति नीट समजून घेण्यासारखी आहे. सरकारजवळ विद्यावेतनासाठीं पैसा थोडा, आणि ज्यांना शिकवावयाचें त्यांच्याजवळ मुळींच नाहीं. तेव्हां त्यांनीं तिसरें चलन काढलें, तें म्हणजे श्रम. विद्यार्थ्यांनीं माळ फोडावा, विहीर खणावी, भाजीपाला व धान्य पिकवावें, इमारतीचे दगड वाहावेत, आणि त्याच्या मोबदल्यांत जेवावें व शिकावें. ‘कमवा आणि शिका’ हा शब्दप्रयोग आज इतका गुळगुळीत झाला आहे कीं, त्यांत एक कडक हिशेब होता हें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. शेतकऱ्याच्या मुलाला शाळेंत धाडल्यानें घराचें जें नुकसान होतें तें त्याच्या मजुरीचें. ती मजुरी शाळेंतच करवून घेऊन तिच्यांतून त्याचा खर्च भागविला, तर घराला नुकसान सोसावें लागतें तें एवढेंच कीं, मुलाचे हात घरीं नसतात. पण त्याचें पोटही घरीं नसतें. दोन्ही रकमा जवळजवळ फिटतात. अर्थशास्त्राचे आम्हीं प्राध्यापक ‘सोडलेली कमाई’ म्हणून जी कल्पना फळ्यावर आकृत्या काढून समजावतों, ती भाऊरावांनीं कुदळ हातीं देऊन समजावली.

ह्या पद्धतीला कोणी कांहीं नांवें ठेवूं नयेत असें माझें म्हणणें नाहीं. सकाळीं दगड वाहून दुपारीं पाठ काढणाऱ्या मुलाचा अभ्यास किती खोल जात असेल, असा प्रश्न करणारे तेव्हांही होते. पण त्या मुलांतून जे शिक्षक झाले त्यांनीं पुढच्या पिढीला निदान शाळेपर्यंत आणलें. आणि शिक्षक व्हावयासाठीं जमीन गहाण टाकावी लागत नाहीं, हें दाखवून दिलें. १९५५ सालीं संस्थेनें माध्यमिक शिक्षकांसाठीं आझाद कॉलेज काढलें, तेंही ह्याच ओघांत.

१ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. त्यानंतरचीं तीस-पस्तीस वर्षें हा आपल्या हिशेबांतला सर्वांत सुखाचा काळ, आणि सुखाच्या काळाविषयीं सांगण्यासारखें नेहमींच थोडें असतें. १९६२ सालीं शिवाजी विद्यापीठ झालें, त्यामुळें बी. एड्.साठीं पुण्या-मुंबईकडे डोळे लावण्याचें कारण उरलें नाहीं. माध्यमिक शाळांच्या शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानांतून होऊं लागले. १९७७ च्या कायद्यानें खाजगी शाळांतील नोकरीला संरक्षण मिळालें. संस्थाचालकाच्या मर्जीनें शिक्षकाला घरीं बसवितां येईनासें झालें. फी अल्प, अभ्यासक्रम एक-दोन वर्षांचा, नोकरी बहुधा ठरलेली, आणि शेवटीं निवृत्तिवेतन. तालुक्यांतल्या गांवोगांवीं मास्तरांचीं पक्कीं घरें उठलीं, शिक्षकांच्या पतसंस्था निघाल्या, आणि लग्नाच्या बाजारांत डी. एड्. झालेल्या मुलीला हुंड्यांत सूट मिळूं लागली. ही शेवटची गोष्ट सांगावयास लाज वाटते, पण पदवीची बाजारांतली किंमत इतक्या स्पष्टपणें दुसरीकडे कोठेंच लिहिलेली सांपडत नाहीं.

ह्याच सुबत्तेनें पुढील अनर्थाचें बीं पेरलें. ज्या पदवीच्या मागें नोकरी आहे, ती विकावयास काढली तर गिऱ्हाईक मिळणारच. १९८३ नंतर विनाअनुदानित महाविद्यालयांचें धोरण आलें, तें अभियांत्रिकीपुरतें राहिलें नाहीं. पुढच्या पंचवीस वर्षांत डी. एड्. व बी. एड्.चीं विद्यालयें तालुक्यातालुक्यांत निघालीं. १८५४ पासून जो खर्च सरकारनें किंवा लोकसंस्थांनीं उचलला होता, तो ह्या काळांत गाजावाजा न होतां उमेदवाराच्या घराकडे सरकला. कोणी ठराव केला नाहीं, कोणी निषेध केला नाहीं. बापानें उंसाचें बिल आलें तेव्हां फी भरली, आणि मुलगा मास्तर होणार म्हणून समाधान मानलें.

खर्च इकडे सरकला आणि त्याच वेळीं जमेची बाजू आटूं लागली. २००० सालीं शिक्षणसेवक ही योजना आली. नव्या शिक्षकानें तीन वर्षें मानधनावर काम करावें आणि मग त्याला नियमित वेतनश्रेणी मिळावी, असें तिचें स्वरूप. प्राथमिकास महिना ३,०००, माध्यमिकास ४,००० व कनिष्ठ महाविद्यालयांत ५,००० रुपये. ‘सेवक’ हा शब्द ज्यानें शोधून काढला त्याला मराठीची चांगलीच जाण असली पाहिजे. सेवा म्हटली कीं पगार मागतां येत नाहीं. २००१ मध्यें ‘कायम विनाअनुदानित’ शाळांचें धोरण आलें. त्यांतला ‘कायम’ हा शब्द २००९ सालीं काढून टाकला गेला, पण अनुदानाचा पहिला टप्पा, वीस टक्के, हातीं यावयास २०१६ साल उजाडावें लागलें. मधल्या वर्षांत त्या शाळांतून शिकविणारे शिक्षक कशावर जगले, हें सांगावयाचें तर निराळा लेख लिहावा लागेल. शाळा सुटल्यावर रिक्षा चालविणारे, शेतावर राबणारे, रात्रपाळीला जाणारे शिक्षक हा प्रकार ज्यानें पाहिला नाहीं असा मनुष्य ह्या जिल्ह्यांत विरळा.

नंतर भरतीच थांबली. २०१० सालीं राज्यभर परीक्षा घेऊन प्राथमिक शिक्षकांची मोठी निवड झाली. २०१२ च्या मे महिन्यांत खाजगी शाळांतील नेमणुकांवर बंदी आली. २०१३ च्या डिसेंबरांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टी. ई. टी., सुरू झाली. २०१७ च्या डिसेंबरांत तिच्यावर आणखी एक अभियोग्यता परीक्षा आली, आणि ‘पवित्र’ ह्या संगणकीय यादींतून प्रत्यक्ष नेमणुका होऊं लागल्या त्या २०१९ मध्यें. ह्या यादीनें संस्थाचालकांच्या देण्याघेण्याला कांहीं आळा बसला, हें तिच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. परंतु २०११ सालीं डी. एड्. होऊन बाहेर पडलेल्या मुलीच्या दृष्टीनें पाहा: तिनें आठ वर्षें वाट पाहिली. मधल्या काळांत टी. ई. टी.चें प्रमाणपत्र सात वर्षांनीं बाद होत असे. तें आजन्म ग्राह्य धरण्याचा निर्णय २०२१ मध्यें झाला. त्याच वर्षीं त्या परीक्षेंतला गैरप्रकार उघडकीस आला, आणि पुढें साडेसात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरले. ज्यांनीं पैसे दिले त्यांची कींव करण्याचें कारण नाहीं. पण शिकण्याची फी भरून झाल्यावर उत्तीर्ण होण्याचीही निराळी फी द्यावयास इतके लोक तयार होतात, ह्यावरून वाट पाहण्याचा जाच किती असेल याचा अंदाज होतो.

आतां आंकडे मांडूं. २००० सालीं शिक्षणसेवकाला ३,००० मिळत, तेव्हां नियमित प्राथमिक शिक्षकाचें मूळ वेतन ४,५०० पासून सुरू होत असे. म्हणजे सेवकास दोन-तृतीयांश. पुढें मानधन ६,००० झालें. दरम्यान वेतन आयोग येत गेले, आणि सातव्या आयोगाप्रमाणें नियमित शिक्षकाचें मूळ वेतन २९,२०० पासून सुरू होऊं लागलें. २०१९ मध्यें नेमलेला सेवक मात्र त्याच ६,००० वर. म्हणजे एक-पंचमांश, दिवसाला दोनशें रुपये. १ जानेवारी २०२३ पासून तें मानधन १६,००० झालें, माध्यमिकाचें १८,००० व कनिष्ठ महाविद्यालयाचें २०,०००. तरीही प्राथमिक शिक्षकाला दरमहा १३,२०० आणि तीन वर्षांत ४,७५,२०० रुपये, महागाई भत्ता न धरतां, कमी मिळतात. ज्यास आपण नोकरीचा आरंभ म्हणतों तो खरें पाहतां शिक्षणाच्या खर्चाचाच पुढचा हप्ता आहे.

ह्यांत अभ्यासक्रमाचीं दोन वर्षें मिळवा. त्या काळांत मुलानें दुसरीकडे महिना दहा हजार रुपये जरी मिळविले असते असें धरलें, तरी फी सोडून २,४०,००० झाले. बी. एड्. पूर्वीं एक वर्षाचें होतें, तें २०१५ पासून दोन वर्षांचें झालें. म्हणजे त्या रकान्यांत एका वर्षाची भर पडली.

पण ह्या दोन्ही रकमा जिच्यापुढें किरकोळ ठराव्या, अशी तिसरी एक रक्कम आहे, आणि चुलीपुढच्या हिशेबांत ती बहुधा धरली जात नाहीं. बाविसाव्या वर्षीं लागलेला प्राथमिक शिक्षक पंचविसाव्या वर्षीं नियमित होतो आणि अठ्ठावनाव्या वर्षीं निवृत्त होतो. त्याला तेहतीस वेतनवाढी मिळतात. वर्षाला तीन टक्के धरले तर आजच्या श्रेणींत त्याचें अखेरचें मूळ वेतन सुमारें ७७,००० होतें. तोच मनुष्य बत्तिसाव्या वर्षीं लागला, तर पस्तिसाव्या वर्षीं नियमित होऊन त्याला तेवीस वाढी मिळतील, आणि तो सुमारें ५७,००० वर थांबेल. लोकांस वाटतें कीं दहा वर्षें उशीर झाला म्हणजे आरंभींचीं, कमी पगाराचीं दहा वर्षें गेलीं. तसें नाहीं. आरंभ तर प्रत्येकाला आरंभापासूनच करावा लागतो; जातात तीं शेवटचीं, सर्वांत भरल्या पगाराचीं दहा वर्षें. शिवाय १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांस जुनें निवृत्तिवेतन नाहीं. तेव्हां अखेरच्या वर्षांवर म्हातारपणाची जी भिस्त असते तीही तितकीच ढांसळते.

ह्यावरून शिक्षकाची पदवी घेऊंच नये असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चुकीचा होईल. वेळेवर नोकरी लागलेल्यास हा व्यवहार आजही फायद्याचाच आहे. फुल्यांच्या बारा रुपयांपासून २९,२०० पर्यंत आलेली ही वृत्ति मागावरच्या मजुरीशीं तोलून पाहिली तर सरस ठरते. खोट पगारांत नाहीं, ती प्रतीक्षेंत आहे. आणि प्रतीक्षा ही वस्तु सर्वांस सारख्या भावानें मिळत नाहीं. चार एकर बागायत असलेल्या घरचा मुलगा परीक्षेवर परीक्षा देत तिशी ओलांडूं शकतो. त्याचें जेवण उंसावर चालतें. ज्या घरांत आई सूतगिरणींत जाते, त्या घरची मुलगी दोन वर्षें वाट पाहते, तिसऱ्या वर्षीं एखाद्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेंत मिळेल त्या पगारावर लागते, आणि चौथ्या वर्षीं तिचें लग्न होतें. सासरीं अभ्यासाला सवड मिळाली तर मिळाली. तिच्या पदवीवर झालेला खर्च बुडाला, असें त्या घरांतले म्हणतात. मला ह्या सर्व प्रकरणांत अधिक काळजी वाटते ती वेगळ्याच बुडीची. शेतकऱ्यांच्या नि मजुरांच्या घरांतून शिक्षक निघावेत म्हणून १८८२ सालीं जी मागणी झाली, आणि जी पुरी करण्यासाठीं कुंभोजच्या पुत्रानें मुलांच्या हातीं कुदळी दिल्या, तिची वाट पुन्हा हळूहळू बंद होत आहे. पूर्वीं ती जातीनें बंद होती. आतां ज्याला थांबणें परवडतें त्यालाच ती मोकळी आहे.

इतर देशांना हा अनुभव आला नाहीं असें नव्हे. इंग्लंडांत, जेथून आपण ही पद्धति घेतली, तेथें अलीकडे पदार्थविज्ञान व गणित शिकवावयास माणसें मिळेनात, तेव्हां सरकारला त्या विषयांच्या शिकाऊ शिक्षकांस पुन्हा मोठीं विद्यावेतनें द्यावीं लागलीं. आपल्याकडे उमेदवारांचा तोटा नाहीं, त्यामुळें ती निकड भासत नाहीं. उलट अटी वाढत आहेत. ऑगस्ट २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पहिली ते पांचवीच्या वर्गांसाठीं बी. एड्. ही पात्रता चालणार नाहीं असा निर्णय दिला. शिकविण्याच्या दृष्टीनें तो मला बरोबर वाटतो, कारण लहान मुलांस शिकविणें हें निराळेंच शास्त्र आहे. परंतु दोहोंपैकीं अधिक वर्षें खाणारी पदवी ज्यांनीं घेतली, त्यांच्या जमेचा एक मोठा रकाना त्यानें पुसला गेला. १ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयानें तर सेवेंत असलेल्या, आणि निवृत्तीस पांच वर्षांहून अधिक अवधि असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांच्या आंत टी. ई. टी. उत्तीर्ण होण्याचें बंधन घातलें. वीस वर्षें शिकविलेला मास्तर आपल्याच जुन्या विद्यार्थ्याबरोबर त्या परीक्षेच्या बांकावर बसणार.

पुढें काय वाढून ठेवलें आहे तें २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत आहे. २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता ही बारावीनंतरची चार वर्षांची एकत्रित पदवी व्हावी, असें त्यांत म्हटलें आहे. त्याच धोरणांत, ह्या पदवीसाठीं गुणवत्तेवर शिष्यवृत्त्या ठेवाव्यात, आणि ग्रामीण भागांतील विद्यार्थ्यांकरितां अशा विशेष शिष्यवृत्त्या असाव्यात कीं अभ्यासक्रम पुरा झाल्यावर त्यांस आपल्याच भागांत नोकरींत प्राधान्य मिळावें, असेंही एक कलम आहे. १८५४ च्या खलित्याशीं तें ताडून पाहिलें तर फारसें वेगळें दिसत नाहीं: शिकतांना वेतन, आणि शिकून झाल्यावर शाळा. त्या शिष्यवृत्त्या हातकणंगले तालुक्याच्या वांट्याला किती येणार, महिना किती रुपयांच्या असणार, आणि नोकरींतलें तें प्राधान्य ‘पवित्र’ यादींत कोणत्या रकान्यांत बसविणार, एवढ्या तीन गोष्टी सरकारनें छापून प्रसिद्ध केल्या, तर येथील पालकांना चुलीपुढचा हिशेब पुरा करतां येईल.